दुकानातलं बोलणं दुकानातच राहू द्या: आवाजावर चालणारं एआय निवडण्याआधी हे तपासा



वर्ग नांदेडला असो की लातूरला, "मोबाइलशी बोलून हिशोब लिहिता येतो" असं म्हटलं की मागच्या रांगेतलेसुद्धा सरसावून बसतात. कारण उघड आहे. दुकानदाराचे हात कधी रिकामे नसतात. एका हातात माप, दुसऱ्या हातात पिशवी, आणि समोर चार गिऱ्हाईकं. त्यात मराठी टायपिंग म्हणजे जोडाक्षर शोधता शोधता जीव जातो. मग "लिही बाबा, पंधराशे उधारी, शनिवारी देणार" एवढं बोललं आणि ते लिहून आलं, तर कुणाला नको आहे?

पण त्यानंतर जो प्रश्न यायला पाहिजे, तो फार कमी लोक विचारतात. हे जे आपण बोललो, ते गेलं कुठं?

आजचा लेख त्याच प्रश्नावर आहे. आवाजावर चालणारं एआय दोन प्रकारचं असतं. एक तुमचा आवाज उचलून लांबच्या सर्व्हरवर नेतं. दुसरं तुमच्याच मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये काम उरकतं. या दुसऱ्या प्रकाराला लोकल-फर्स्ट म्हणतात. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. माइकचं चित्र तेच, बटण तेच. फरक आत आहे, आणि धंद्याच्या दृष्टीनं तो मोठा आहे.

आवाजासोबत काय काय जातं?

टाइप केलेल्या मजकुरात तुम्ही लिहिलं तेवढंच असतं. आवाजाचं तसं नाही. त्यात तीन गोष्टी जास्तीच्या जातात.

पहिली, आजूबाजूचं बोलणं. तुम्ही उधारी बोलताय, आणि मागं दोन गिऱ्हाईकं कुणाच्या तरी लग्नाचं, कुणाच्या तरी आजारपणाचं बोलताहेत. माइकला तुमचं कोणतं आणि त्यांचं कोणतं हे कळत नाही. तो सगळंच घेतो.

दुसरी, तुमची स्थिती. थकलेला आवाज, घाबरलेला आवाज, वय, बोलीचा भाग. मराठवाड्यातला माणूस चार वाक्यांत ओळखू येतो.  आपल्याला जे कानाला कळतं, ते मशीनलाही काढता येतं.

तिसरी, खुद्द आवाज. पासवर्ड गेला तर बदलता येतो. आवाज बदलता येत नाही. थोड्याशा नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी साधनं आता सहज मिळतात. ही मोठ्या लोकांचीच अडचण आहे असं समजू नका, पण न्यायालयापर्यंत ती आधी मोठ्या लोकांनी नेली. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम संरक्षण दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही त्याच न्यायालयानं तसाच आदेश दिला. आशाताईंचा आवाज साऱ्या देशाला ओळखीचा. तुमचा आवाज तुमच्या दोनशे गिऱ्हाइकांना आणि दहा व्यापाऱ्यांना ओळखीचा. पण "मी बोलतोय, त्या नंबरवर पैसे टाका" एवढं खरं वाटायला तेवढी ओळख पुरते.

लांबच्या सर्व्हरवर काय होतं?

इथं कुणाला भीती घालायची नाही. क्लाउडवरची साधनं चांगली आहेत, बऱ्याचदा जास्त अचूक आहेत. पण आजवर काय घडलं ते माहीत असलेलं बरं.

२०१९ साली एकामागून एक बातम्या आल्या. अ‍ॅमेझॉनच्या अलेक्साची काही रेकॉर्डिंग माणसं ऐकतात, गूगल असिस्टंटची ऐकतात, अ‍ॅपलच्या सिरीचीसुद्धा. हेतू यंत्र सुधारण्याचा होता. पण बोलणाऱ्याला वाटत होतं की आपण मशीनशी बोलतोय. सिरीच्या प्रकरणात अ‍ॅपलनं पुढं ९.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, चूक मात्र कबूल केली नाही. २०२३ मध्ये लहान मुलांची आवाजाची रेकॉर्डिंग जपून ठेवल्याच्या प्रकरणात अमेरिकेत अ‍ॅमेझॉननं २.५ कोटी डॉलर दंड भरण्याची तयारी दाखवली.

आता सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण. अमेरिकेतल्या काही अ‍ॅमेझॉन इको यंत्रांमध्ये "माझं रेकॉर्डिंग बाहेर पाठवू नका" अशी एक सोय होती. आवाजावरचं काम यंत्रातच व्हायचं. २८ मार्च २०२५ पासून ती सोय बंद झाली. लोकांनी यंत्र विकत घेतलं होतं, पैसे मोजले होते, सोय बघून घेतलं होतं. तरी एका अपडेटनं ती गेली.

यातून धडा काय? कंपनी आज काय म्हणते एवढंच बघून चालत नाही. उद्या तिचं मत बदललं तर आपल्या हातात काय उरतं, ते बघायचं. नियंत्रण म्हणजे हेच.

लोकल-फर्स्ट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द २०१९ मध्ये इंक अँड स्विच नावाच्या संशोधन गटानं एका निबंधातून रूढ केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माहितीची मूळ प्रत तुमच्या यंत्रात असावी, इंटरनेट नसलं तरी काम चालावं, कंपनी बंद पडली तरी माहिती उघडता यावी, आणि शेवटचा शब्द तुमचा असावा. क्लाउड वापरायचाच नाही असं नाही. वापरायचा, पण तो मदतनीस म्हणून. मालक तुम्ही.

आपल्याला हे नवीन नाही. आजोबांची खतावणी आठवा. वही गल्ल्याच्या शेजारी. वाचणारे दोघंतिघं. कुणाला दाखवायची ते मालक ठरवायचा. वही लिहिणाऱ्या मुनिमानं नोकरी सोडली तरी वही दुकानातच राहायची. लोकल-फर्स्ट म्हणजे तीच खतावणी, फक्त ती ऐकून लिहिते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. झाकून ठेवलेलं सगळंच चांगलं असतं असं नाही. पूर्वी आडत बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. तेही गुपितच होतं. पण ते माल आणणाऱ्या शेतकऱ्यापासूनच लपवलेलं होतं. म्हणून उघड लिलावाचा आग्रह धरावा लागला. तेव्हा प्रश्न नुसता "गुपित आहे का?" असा नसतो. ज्याची माहिती आहे त्याच्या बाजूचं ते गुपित आहे का, हा खरा प्रश्न.

मोबाइलमध्येच मराठी ओळखता येते का?

येते, पण किती चांगली ते तपासून घ्यावं लागतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर नावाचं आवाज ओळखणारं मॉडेल खुलं केलं. ते डाउनलोड करून स्वतःच्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवून चालवता येतं. त्याची व्हिस्पर-सीपीपी ही हलकी आवृत्ती साध्या लॅपटॉपवरही चालते. आकार वेगवेगळे आहेत. सगळ्यात लहान मॉडेल साधारण ७५ एमबीचं, मधलं 'स्मॉल' ४६६ एमबीचं, 'मीडियम' दीड जीबीचं आणि 'लार्ज' जवळपास तीन जीबीचं. लहान मॉडेल पटकन चालतं पण मराठीत अडखळतं. मोठं जास्त बरोबर लिहितं, पण जुन्या मशीनला दम लागतो.

मराठीत अडखळायचं कारणही समजून घ्या. सुरुवातीचं व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलं. इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांना लिहून काढण्यासाठी मिळाले त्यातले १ लाख १७ हजार तास. त्यात मराठीचा वाटा अगदी चिमूटभर, आणि त्यातही आपल्या बोलीचा किती असणार?

भारतातही काम चाललंय. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत या गटानं राज्यघटनेतल्या सगळ्या २२ भाषांसाठी आवाज ओळखणारी मॉडेल खुली केली आहेत, मराठी त्यात आहे. केंद्र सरकारचं भाषिणी २०२२ मध्ये सुरू झालं. त्यातल्या 'भाषादान' उपक्रमात कुणीही आपला आवाज देऊ शकतो. हा फरक लक्षात घ्या. विचारून दिलेला आवाज म्हणजे दान. न विचारता गेलेल्या आवाजाला दान म्हणत नाहीत. देगलूर-बिलोलीकडची तेलुगू मिसळलेली मराठी, निलंगा-उदगीरकडची कानडी मिसळलेली मराठी यंत्रानं ओळखावी असं वाटत असेल तर कुणीतरी ती द्यावीच लागेल. मात्र ते देणाऱ्यानं ठरवून दिलेलं असावं.

आपले आकडे: खरी परीक्षा इथं आहे

कुठलंही साधन घ्या, आधी त्याला आकडे घाला. मराठी आकडे म्हणजे यंत्राची परीक्षाच. ही वाक्यं पंख्याखाली, रस्त्याच्या आवाजात, तुमच्या नेहमीच्या वेगानं बोलून बघा:

- "सोयाबीन पाच हजार तीनशे अठ्ठावीस." (हा २०२५-२६ चा हमीभाव.)
- "तूर आठ हजार, अडीच क्विंटल."
- "साडेचार हजार जमा, पावणेदोन हजार बाकी."
- "सत्तावन्न पोती आली, सत्त्याण्णव नाही."

"साडेचार हजार" चं ४,५०० झालं का? "पावणेदोन हजार" चं १,७५० झालं का? की ते नुसतं "दोन हजार" झालं? पावणेदोनचे दोन झाले तर एका नोंदीत अडीचशे रुपयांचा फरक पडतो, आणि भांडण वेगळंच. म्हणून नियम एक: आवाजानं लिहिलेली रक्कम डोळ्यांनी वाचल्याशिवाय सेव्ह करायची नाही.

अजून एक सावधगिरी. ही मॉडेल कधी कधी न बोललेली वाक्यंसुद्धा लिहितात, विशेषतः मध्ये शांतता असली तर. व्हिस्परवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण एक टक्का रेकॉर्डिंगमध्ये अशी मनाची वाक्यं सापडली. एक टक्का ऐकायला कमी वाटतं. पण दिवसाला शंभर नोंदी बोलत असाल तर रोजची एक झाली.

तीन धंदे, तीन हिशोब

*आडत दुकान.* समजा लातूरच्या बाजारात तुमची आडत आहे. दिवसभर भाव, वजन, कुणाला किती उचल दिली, हे तुम्ही बोलून लिहिता. यात तुमची व्यापारी माहिती आहे, आणि शेतकऱ्याच्या कर्जाची माहितीही आहे. बाजारात जाहीर झालेला भाव क्लाउडवर गेला तर बिघडत नाही. पण कोणत्या गावच्या कुणाकडं किती बाकी आहे, हे यंत्राबाहेर जायचं कारण नाही. इथं लोकल साधन घ्या.

*दवाखाना.* नांदेडला आजूबाजूच्या तालुक्यांतूनच नव्हे, शेजारच्या तेलंगणातूनही पेशंट येतात. डॉक्टर बोलतात आणि केसपेपर तयार होतो, ही सोय मोहाची आहे. पण पेशंटनं डॉक्टरला सांगितलेलं गुपित राखणं हे डॉक्टरच्या आचारसंहितेत आहे, ॲप नव्हतं तेव्हापासून. शिवाय एक पेच आहे. गुप्ततेसाठी रेकॉर्डिंग लगेच पुसलं, तर चुकीची नोंद झाल्यावर ताडून बघायला काही उरत नाही. ठेवलं, तर ते सांभाळावं लागतं. मधला मार्ग असा: रेकॉर्डिंग दवाखान्याच्याच मशीनवर ठेवा, डॉक्टरनं केसपेपर वाचून बरोबर असल्याची खूण केली की मग पुसा.

*क्लास.* लातूर पॅटर्नमुळं गावोगावची मुलं इथं शिकायला येतात. क्लासमधल्या शंका रेकॉर्ड करून नोट्स तयार करायच्या असतील, तर बोलणारी बहुतेक मुलं १८ वर्षांखालची आहेत हे विसरू नका. सरांचा आवाज वेगळा, मुलांचा वेगळा. शक्य असेल तिथं सरांच्या कॉलरचाच माइक चालू ठेवा. मुलांच्या शंका सरांनी स्वतः परत म्हणाव्यात. नोट्सही नीट होतील आणि मुलाचा आवाजही कुठं जाणार नाही.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि धंद्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तयारीला वेळ आहे, पण झोपायला नाही.

छोट्या धंद्यानं यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

१. संमती घेताना कशासाठी माहिती घेताय ते साध्या भाषेत सांगायचं. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. म्हणजे मराठीचा हक्क आहे.

२. संमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे.

३. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियमांत काही ठरावीक सवलती आहेत, त्या आपल्याला लागू आहेत का ते वकिलाला विचारा.

४. सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही माहिती दुसऱ्या कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी तुमचीच राहते. "ॲपवाल्यानं केलं, मी काय करू?" हे उत्तर चालत नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. किराणा दुकानाला एवढा दंड होईल असं कुणी म्हणत नाही, पण दिशा समजून घ्या.

आता लोकल-फर्स्टचा फायदा इथं बघा. जी माहिती बाहेर गेलीच नाही, तिच्यासाठी बाहेरच्या कंपनीचे हमीपत्र वाचत बसावं लागत नाही.

पण लोकलचेही खर्च आहेत

एकाच बाजूचं सांगणं मला पटत नाही, म्हणून हेही ऐका.

मोबाइल हरवला, पाण्यात पडला, तर सगळं गेलं. क्लाउडवाल्याकडं निदान प्रत असते. लोकल वापरायचं तर बॅकअप तुमचं काम. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर प्रत घ्या, तिला पासवर्ड लावा, आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवा.

मोबाइलला लॉक नसेल तर लोकल असून उपयोग शून्य. गल्ल्यावर उघडा पडलेला फोन म्हणजे उघडी पडलेली वही.

जुना फोन गरम होतो, बॅटरी उतरते. मोठं मॉडेल चालवायला बरा लॅपटॉप लागतो. आणि बिघाड झाला तर फोन करायला कंपनीचं हेल्पलाइन नसतं, भाचाच शोधावा लागतो.

जमेची बाजूही मोजा. लाइट गेली, टॉवर बंद पडला, तरी बॅटरीवर काम चालू राहतं. दर महिन्याचं भाडं नाही. आपल्या भागात या दोन गोष्टींचं मोल वेगळं सांगायला नको.

घरी करायच्या पाच तपासण्या

कुणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. स्वतः तपासा.

१. विमान मोड. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते बघा, आणि बोला. लिहून आलं तर यंत्रातच काम होतंय. "इंटरनेट तपासा" आलं तर आवाज बहुधा बाहेर जात होता.

२. डेटा किती गेला? विमान मोडमध्ये पास झालेलं ॲपही नेट आल्यावर गुपचूप पाठवू शकतं. म्हणून सेटिंगमध्ये त्या ॲपचा डेटा वापर लिहून ठेवा, नेट चालू ठेवून तासभर वापरा, परत बघा. दाबून लहान केलेला तासभराचा आवाजही साधारण दहा एमबीच्या आसपास जातो. तेवढी उडी दिसली तर विचारा, का?

३. परवानग्या. उधारी लिहिणाऱ्या ॲपला माइक पाहिजे, मान्य. कॉन्टॅक्ट, लोकेशन, फोटो कशाला? माइकची परवानगी "ॲप वापरताना फक्त" एवढीच ठेवा.

४. बाहेर काढून बघा. तुमच्या नोंदी साध्या फाइलमध्ये, एक्सेल किंवा टेक्स्टमध्ये काढता येतात का? येत नसतील तर वही तुमची नाही, भाड्याची आहे.

५. पुसून बघा. एक नोंद आणि तिचं रेकॉर्डिंग पुसा. ॲप बंद करून उघडा. बॅकअपमधून ते परत आलं का? "आवाज सुधारण्यासाठी वापरू द्या" असं बटण आधीच चालू आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

पाचही तपासण्यांना दीड तास लागतो, त्यातला एक तास तर दोन नंबरचाच. रविवारी दुपारी होऊन जातं.

मग निवडायचं काय?

सरसकट उत्तर नाही. माझा ठोकताळा असा: जाहिरातीचा मजकूर, बोर्डावरचं लिखाण, जाहीर भाव, हे क्लाउडवर बोला, बिनधास्त. स्वतःचा धंद्याचा हिशोब लोकलवर. आणि दुसऱ्याची गोष्ट, म्हणजे गिऱ्हाइकाची बाकी, पेशंटचा आजार, मुलाचं बोलणं, हे लोकलवर, तेही विचारून. काउंटरवर मराठीत एक पाटी लावा: "इथे नोंदी बोलून लिहिल्या जातात. रेकॉर्डिंग दुकानाबाहेर जात नाही. नको असेल तर सांगा, हातानं लिहू." पाटी लावलीत की तसं वागावंही लागेल, म्हणून आधी तपासण्या करा, मग पाटी.

उधारी विश्वासावर चालते हे तुम्हाला मी सांगायला नको. गिऱ्हाईक आपली अडचण दुकानदाराच्या कानात सांगतं, कारण ती तिथंच राहील याची त्याला खात्री असते. आता त्या कानाशेजारी एक माइक आलाय, एवढंच.

आजचा गृहपाठ: तुम्ही सध्या वापरता त्या एका ॲपवर पहिली आणि तिसरी तपासणी करा, आणि निकाल कॉमेंटमध्ये टाका. ॲपचं नाव, फोन किती जुना, विमान मोडवर चाललं की नाही, एवढं पुरे. आणि "पावणेदोन हजार" चं काय झालं ते नक्की कळवा!

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जपा, बोलणं जपा.